चार मिनिटांची रिकामी जागा

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं दुःख तेलंगणातल्या आमच्या अख्ख्या भीमपूर मंडळात, म्हणजे तालुक्यात, एकाच माणसाला कळलं, ते म्हणजे माझे मधले दीर. आणि तेही इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना. तरुणपणी ते आदिलाबादला कॅसेटी भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला होते. तिथल्या खोक्यात त्यांना कव्हर नसलेली एक कॅसेट सापडली. अमेरिकेतले काळे लोक आहेत, एवढंच मालकानं सांगितलं; तिच्यात कुणीतरी ढोलाच्या ठेक्यावर भराभर बोलत होतं, मधूनच ओरडत होतं, मधूनच हसत होतं. भाऊजींनी ती महिनाभर ऐकली. मग एका रविवारी घरी येऊन, मी भाकऱ्या थापत असताना, त्यांनी जाहीर केलं, "वयनी, हे गाणं नाई. ही दरखास्त हाय. आपन तहसीलात देतो तशी, पन ठेक्यावर देल्लेली." तहसीलातल्या दरखास्तीचं काय होतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी फक्त "बरं" म्हणाले.

पुढे त्यांनी स्वतःची साउंड सर्विस काढली, जुनी व्हॅन घेतली आणि मिक्सटेप बनवायला सुरुवात केली. इंद्रवेल्लीच्या बाजारात भरून आणलेला गोंडांचा ढोल, खाली त्या परदेशी लोकांचा धमधम ठेका, वर आपल्या समाजाची गाणी आणि मधल्या जागांत भाऊजींच्या स्वतःच्या दरखास्ती. मी हायस्कुलात क्लार्क. अक्षर चांगलं आणि यादी केल्याशिवाय मला पाणीसुद्धा भरता येत नाही. म्हणून लेबलं लिहायचं काम माझ्याकडे. प्रत्येक टेप कशासाठी, हे ते मला सांगत: 'सोयाबीन सोंगताना ऐकायची', 'जावई रुसल्यावर ऐकायची', 'साहेबाची वाट पाहताना ऐकायची'. या शेवटच्या टेपच्या तीन आवृत्त्या निघाल्या, कारण पहिल्या दोन साहेब यायच्या आत संपत. तिच्यातली दरखास्त मला अजून पाठ आहे: 'अर्जदार उभा हाय, साहेब गेला जेवाले, साहेब आला जेवून, त अर्जदार गेला देवाले.' मी म्हटलं, भाऊजी, आपण बौद्ध माणसं, देवाला कसं जाईल? ते म्हणाले, "वयनी, मेल्यावर बी तुमी कागदपत्रं तपासता काऊन?"

टोपी उलटी घालायची, हे त्यांनी कुठल्याशा चित्रात पाहून ठरवलं. चित्रातल्या माणसाच्या गळ्यात जाड साखळी होती. तशी आदिलाबादला मिळेना, म्हणून त्यांनी पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात ती पितळी साखळी घेतली. जाऊबाई म्हणाल्या, "आता शिंगायले बेगड लावा, मंग मी ओवाळतो." त्यांनी ते मनावर घेतलं नाही. चहाच्या टपरीवर बसून ते लोकांना अमेरिका समजावून सांगत. एकदा त्यांनी सांगितलं की तिकडे काळ्या माणसांना बसमध्ये मागच्या बाकावर बसावं लागे. टपरीवर आमचे चुलत सासरे होते. ते बिडी विझवून म्हणाले, "म्हंजे बसमंदी बसू देत व्हते?" सगळी टपरी हसली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं पुढच्या टेपमध्ये घातलं, तीनदा.

पण त्यांची खरी करामत वेगळी होती. आमच्या गावात बसथांब्यापासून विहारापर्यंत वरात आणायची तर मोठ्या घरांच्या गल्लीतून यावं लागतं. त्या गल्लीत, वडापासून बोअरिंगच्या हातपंपापर्यंत, आमचं वाजणं बंद करायचं असा रिवाज आहे. तो कुठल्याही दप्तरात नोंदलेला नाही. माझ्या लग्नाच्या आधी एकदा कुणी तो मोडला होता, तेव्हा वाजंत्र्यांचे ढोल फाडले होते; तेवढी नोंद पुरली. वडाजवळ ऐन नाचात आवाज बंद करायला गेलं की आमचीच तरणी पोरं भाऊजींच्या अंगावर जात. मग त्यांनी हातात घड्याळ घेऊन, म्हाताऱ्यांच्या चालीनं, तीन वेळा बसथांब्यापासूनची वाट आणि ती गल्ली मोजली. गल्ली चार मिनिटांची. आणि मिक्सटेपमध्येच चार मिनिटांची रिकामी जागा सोडली. बसथांब्यावर टेप सुरू केली की वडापाशी गाणं आपोआप संपायचं आणि बोअरिंगपाशी ढोल उठायचा. कुणी बंद केलं असं वाटायचंच नाही. गावात त्यांची वाहवा झाली. मीही लेबलावर नीट लिहू लागले: 'वरात. मध्ये चार मिनिटं शांत.'

मग मुधोळला एका पाहुण्यांकडचं लग्न निघालं. तिकडे असली गल्लीच नाही. विहार रस्त्यावरच आहे. एव्हाना टेपा पेनड्राइव्हवर आल्या होत्या; भाऊजींनी नेहमीचाच वरातीचा लावला. वरात चौकात आली आणि भर उन्हात, भर बाजारात आवाज बंद झाला. मुधोळची माणसं वळून व्हॅनकडे पाहू लागली, तार निघाली का म्हणून. आमच्या गावची पन्नास माणसं मात्र खाली मान घालून, पोरांचे हात धरून, मुकाट चालू लागली. मीही. पुढच्या चौकात ढोल वाजला तेव्हा आम्ही माना वर केल्या. मुधोळची एक बाई मला म्हणाली, "काऊन वो ताई, कोनी वारलं का?" भाऊजी व्हॅनमध्ये बसून होते. परत येताना त्यांनी व्हॅनमध्ये काहीच लावलं नाही, आणि हे त्या व्हॅनच्या जन्मात पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी माझ्याकडे एक यादी मागितली: आपल्या वस्तीतली जी जी माणसं त्या गल्लीतून चपला हातात घेऊन गेली, त्यांची नावं. मी घरोघरी विचारून, घरांच्या क्रमानं, सुवाच्य अक्षरात ती करून दिली. कशाला हवी, हे विचारलं नाही. ते कळलं त्यांच्या मुलीचं लग्न ठरल्यावर. "वयनी, या खेपी जागा रिकामी नाई ठेवत. चार मिनिटं निस्ती नावं. कोनाले शिवी नाई, घोषणा नाई. ढोल अन् नावं."

लग्नाची माझी यादी तेव्हा चार पानांची होती. मी म्हटलं, "भाऊजी, नवरदेवाकडची शंभर माणसं असतील. म्हातारी, लेकरं. काही झालं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

"अन् काई नाई झालं त?"

"झालं तर?"

ते बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "असं करू. तुमी पुढं चाला. तुमाले धोका दिसला त हात वर करा. मी बंद करतो. कराल त बंद, नाई त चालू."

मी कबूल केलं. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूची आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

सकाळी अकराला वरात वडाशी आली. गाणं संपलं, आणि त्या गल्लीत माझ्या देखत पहिल्यांदा ढोल वाजला. वर भाऊजींचा आवाज: पहिलं घर, पहिलं नाव. माझ्या आजेसासऱ्यांचं. मागे कुणीतरी हुंदका दिला. दुसरं नाव. तिसरं. एका ओट्यावर चार तरुण बसले होते. त्यांतला एक उठून उभा राहिला. का उठला, मला माहीत नाही. पाणी प्यायलाही उठला असेल. माझा हात वर गेला.

भाऊजींनी तत्क्षणी बंद केलं. आम्ही बोअरिंगपर्यंत चालत गेलो. लग्न फार छान झालं. वरणाला चव होती, पाहुणे वेळेत जेवले, यादीतल्या एकूण एक कामापुढे खूण झाली. संध्याकाळी मुलीची पाठवणी झाल्यावर भाऊजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वयनी, बराबर केलं तुमी." त्यांच्या आवाजात राग असता तर मला झोप लागली असती.

त्यानंतर त्यांनी एकही मिक्सटेप बनवली नाही. पोरं मोबाइलमध्ये जे आणतात ते लावतात. टोपी सुलटी घालतात. अमेरिकेचा विषय टपरीवर कुणी काढलाच तर म्हणतात, "मले इंग्रजी कुठं येते?" वडापाशी व्हॅन आली की साध्या बोटानं बटण दाबतात, चाक एखाद्या पोराच्या हाती देतात आणि खाली उतरून आमच्याबरोबर चालतात.

गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत ते माझ्या शेजारीच होते. गल्लीत फक्त चपलांचा आवाज. मी मनातल्या मनात माझ्या यादीतली नावं म्हणत होते; हल्ली दर वरातीत म्हणते, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं. तर भाऊजींचे ओठ हलताना दिसले. त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारलं, "कुठवर आल्या, वयनी?"

"सासूबाईंपर्यंत."

"पुढं गेल्या तुमी. मी माह्या बाबाच्या नावातच अडकलो."

मी पावलं आखडती घेतली, त्यांनीही घेतली. पण मागची माणसं रेटत होती आणि बोअरिंग आलंच. भाऊजी बटण दाबायला व्हॅनकडे गेले.