सुरक्षित खोली

तुरुंगाच्या शिवणखात्यात बसणाऱ्या त्या माणसाला सगळे मामा म्हणत. सख्ख्या भाच्यांनी मात्र त्याचं नाव टाकलं होतं, आणि बरोबरच होतं. दारूच्या भरात त्याने त्यांच्या बापाच्या डोक्यात इस्त्री घातली होती. जन्मठेपेच्या दुसऱ्या वर्षी मामा स्वतःच जीव द्यायला निघाला. शेजारच्या एका चोराने त्याला बोलतं ठेवलं, म्हणून वाचला. पुढे तुरुंगाच्या डॉक्टरीणबाईंनी कैद्यांमधूनच ‘सोबती’ निवडायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात मामाचा वर गेला.

काम साधं होतं. दुपारी तीन ते चार कोठारामागच्या खोलीत सडक्या कांद्यांच्या वासात बसायचं आणि येईल त्याचं ऐकायचं. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. फक्त कुणी जिवाचं बरंवाईट करणार असेल, तर जमादाराला कळवायचं.

एका सोमवारी गवंडी आला. त्याची आई गेली होती आणि अर्ज टेबलांवर फिरत राहिल्यामुळे त्याला अंत्यदर्शनालाही सोडलं नव्हतं.

“मामा, रविवारपर्यंत मी राहत नाही,” तो शांतपणे म्हणाला. “तेवढं जमादाराला सांगू नका. त्या खोलीत नाही जायचं मला.”

ती खोली मामाला माहीत होती. तिला ‘सुरक्षित खोली’ म्हणत. माणसाचे कपडे काढून घ्यायचे, नाडी नाही, बटण नाही असा गोणपाटासारखा झगा अंगावर चढवायचा आणि फरशीवर तीन दिवस एकट्याला कोंडायचं. तो झगा मामाच शिवायचा. रोगापेक्षा औषध भयंकर, ते हे.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मामाने मनातल्या मनात साहेबापासून स्वतःपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि उठून जमादाराला कळवलं. “मी त्याच्याजवळ बसतो, त्याला कोंडू नका,” असंही विनवलं. “नियम आहे,” जमादार जांभई देत म्हणाला.

चार शिपायांनी भर व्हरांड्यात गवंड्याचे कपडे उतरवले. बघे फिदीफिदी हसत होते. गवंडी ओरडला नाही, फक्त मामाकडे बघत राहिला. मामाला शिसारी आली. हसणाऱ्यांची आली, जमादाराची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

गुरुवारी गवंड्याला बाहेर काढलं. मोठ्या साहेबांनी वहीत लिहिलं, ‘एक जीव वाचवला.’ मामाची पाठही थोपटली. तो हात खांद्यावरून झटकून टाकावा असं मामाला वाटलं, पण एवढी हिंमत कुठली!

दुपारी गवंड्याला सक्तीने कोठारामागे आणून बसवलं.

“कसा आहेस?”

“मजेत.”

“झोप?”

“मजेत.”

रविवार तीन दिवसांवर होता. गवंड्याने तोंडात मिठाची गुळणी धरली, तर या खेपेला कुणालाच काही कळणार नव्हतं. मामाने डॉक्टरीणबाईंनी दिलेला प्रश्नांचा कागद चुरगळून कांद्यांवर फेकला.

“मजेत म्हणे! अरे, तुला नागवं केलं ते माझ्यामुळे. मीच चुगली केली. पुन्हा तसंच बोललास तर पुन्हा करीन, मरू देणार नाही. थुंक माझ्यावर. शिव्या तरी दे!”

गवंडी थुंकला. खरोखरच, तोंडावर. मग त्याने शिव्यांची अशी लाखोली वाहिली की दाराबाहेरचा शिपाई डोकावून गेला. मामा झाला, मामाची मशीन झाली, अर्ज अडवणारा कारकून झाला, आणि शेवटी, “मला न भेटता गेलीस ना!” म्हणून आईची पाळी आली. तिथे गवंडी कोसळला आणि हुंदके देऊन रडला. चार वाजले तरी मामा तोंड न पुसता बसून होता.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं कमी असताना गवंडी आपणहून दारात उभा होता.

“बसा खाली,” तो गुरगुरला. “कालच्या अर्ध्या राहिल्यात.”