मागावर बसवलेली

माझा मोबाईल सरांच्या टेबलावर होता आणि त्यातून आमच्या दुकानातला अमोल इंग्रजीत बोलत होता. मी पहिल्या बाकावर बसून हसत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण अमोल बोलतो लई झोकात, आणि ते बोलणं मी मिळवून आणलं होतं, म्हणून हसत होते.

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"शाहीन, तुझं इंग्रजी चांगलं आहे. सगळ्यांना मराठीत सांग," सर म्हणाले.

शाहीन माझ्या शेजारी बसायची. एका हॉटेलात पाहुण्यांची नावं लिहून घ्यायचं काम करायची. ती उठली नाही. माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आजी, रहने दो ना."

"सांग की गं," मी म्हणाले. "मी काय उगंच आणलंय का?"

मग तिनं खाली बघत सांगितलं. "तो म्हणतोय, ही म्हातारी बघा. हिला नवऱ्यानं टाकलं. तरणी होती तेव्हा. टाकलेली बाई आहे. शिकलेली नाही. डोळ्यांनी नीट दिसत नाही. तरी ही शाल तिनं हातानं विणली. तुम्ही घेतली तर आज तिच्या घरी चूल पेटेल."

सर मला म्हणाले, "मावशी, ही म्हातारी तुमच्या दुकानातलीच का? ओळखीची आहे?"

"मीच हाय, सर."

सरांनी खडू उचलला. मग म्हणाले, "वा. मग तर हे उत्तम उदाहरण झालं." आणि फळ्याकडं वळून त्यांनी लिहिलं. विषय, वृद्ध स्त्री. हेतू, विक्री. परिणाम, दया.

सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मीही घेतलं. नीट, रेघेवर अक्षर ठेवून.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले. पुढं नाही. पण म्हातारपणी कळलं की मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा दिली की बी.ए.ला बसता येतं. तेव्हा तशी सोय होती. मुलगा चिकलठाण्याला कंपनीत आहे, त्यानं नाव घातलं. छावणीतल्या एका शाळेत रविवारी सकाळी वर्ग भरायचा. मी पहिल्या वर्षाला होते. बाकीची पोरं माझ्या नातवंडांच्या वयाची. सरांनी आम्हाला सांगितलं होतं, रोजच्या जगण्यात कोण कुणाचं मन कसं वळवतं ते ऐकून आणा. वर्णन करून माणूस काय साधतो ते बघा. कुणी भाजीवाल्याचं ओरडणं आणलं, कुणी शिकवणीच्या जाहिरातीचं. मी अमोलचं बोलणं आणलं. मोबाईल दुकानात मागाजवळच्या धोट्यांच्या टोपलीत ठेवून गुपचूप भरून घेतलं. मला वाटलं, सगळ्यांत भारी माझंच.

वेरूळच्या रस्त्याला ते दुकान आहे. हिमरू शाली, पैठण्या. पुढं काचेची कपाटं, मधे गादी, आणि एका कोपऱ्यात हातमाग. मी तिथं झाडायला आणि कांड्या भरायला लागले होते. धोटा मागावर आडवं सूत नेतो, आणि सूत गुंडाळून त्यात बसवतात ती कांडी. विणायला मला येत नाही. विणणारे कारागीर मागं शेडमध्ये बसत. पण शेड अंधारी, तिथं गिऱ्हाईक नेता येत नाही. मग एक दिवस मालकीण, वहिनी म्हणतो आम्ही त्यांना, मला म्हणाल्या, "आजी, जरा मागावर बसा. नुसता धोटा इकडून तिकडं फेका. पाहुण्यांना बरं वाटतं."

मी बसले. बरं वाटलं. झाडू हातातून सुटला, चार माणसं बघायला लागली. त्यांचा मुलगा अमोल पुढं उभा राहून बोलायचा. माणसं माझ्याकडं बघायची. त्यांचे चेहरे मऊ व्हायचे. एक गोरी बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून रडली होती. मला वाटलं, माझं काम बघून रडली.

मराठी गिऱ्हाईक आलं की अमोल एवढंच म्हणायचा, "ह्या आमच्या आजी. अगदी घरच्यासारख्या." ते मला कळायचं. इंग्रजीतही तेच म्हणत असेल असं धरून मी चालले होते.

वर्गात बसल्या बसल्या मला सगळं एकेक करून दिसायला लागलं. मुलानं दिवाळीला हिरवी साडी आणली होती, ती नेसून गेले तर वहिनी म्हणाल्या होत्या, "ती निळीच नेसत जा हो, विटकी. मागाशी शोभते." मी समजले, नव्या साडीला धूळ लागू नये म्हणून म्हणतात. चष्मा काढून गल्ल्याच्या खणात ठेवायला लावला होता. "काचेवर उजेड चमकतो, फोटो बिघडतो." म्हणून मला नीट दिसत नव्हतं. म्हणून अमोलच्या बोलण्यात माझे डोळे गेलेले होते.

आणि टाकलेली. ते अमोलला कुठून कळलं?

माझं गाव अजिंठ्याकडं. नवऱ्यानं मला पंचमीला माहेरी आणून सोडलं. ट्रंक अंगणात ठेवली, पाणी प्याला, गेला. परत आला नाही. पोर कडेवर होतं. त्यानंतर गावात मला नाव राहिलं नाही. नळावर, लग्नात, दुकानात, टाकलेली. हळदीकुंकवाला बोलवायचं तर बायका आधी एकमेकींकडं बघायच्या. त्या शब्दापायी मी गाव सोडलं. शहरात कुणालाच सांगितलं नाही. फक्त वहिनींना. कामाला लागले त्या दिवसांत त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "मालक काय करतात हो तुमचे?" इतक्या वर्षांत इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. वर म्हणाले, "कुणाजवळ बोलू नका." त्या म्हणाल्या, "छे हो. तुम्ही घरच्याच."

ज्या शब्दाला भिऊन मी गाव सोडलं, त्यालाच ह्या मायलेकांनी इंग्रजी शिकवून माझ्या डोक्यावर उभं केलं होतं. माझ्यादेखत. आणि मी खाली बसून मान डोलवत होते.

पुढचं सांगायला जास्त लाज वाटते. वर्ग सुटल्यावर मी बस धरली, दुकानात गेले, निळी साडी नेसले, चष्मा खणात ठेवला आणि मागावर बसले. नेहमीसारखी. वाटेत शंभर गोष्टी बोलायच्या ठरवल्या होत्या. एकही बोलले नाही. शाहीननं मला तो इंग्रजी शब्द ओळखायला शिकवला होता, 'अबँडन्ड'. आता अमोल बोलला की तो मला ऐकू यायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा. शब्द आला की माझा हात अडखळायचा, धोटा खाली पडायचा. अमोल माझ्या हाताकडं बोट दाखवून त्याचाही उपयोग करायचा. बघा, हात थरथरतात.

असे पुष्कळ दिवस गेले. राग येत नव्हता. लाजच येत होती. आपण उघडे बसलोय आणि लोक तिकीट न काढता बघतायत असं वाटायचं. तरी रोज जात होते. सवय वाईट.

मग एक कुटुंब आलं. बाहेरदेशी राहणारं, पण आपल्याकडचं. पोरांना मराठी येत नव्हतं, म्हणून अमोल इंग्रजीत बोलला. तो शब्द आला. पोरांच्या आईनं मोबाईल काढला. फोटो काढतात म्हणून मी जरा हसले, माणूस हसतं तसं. ती बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजी, हसू नका ना. असंच बसा, मघाशी बसला होता तसं."

मी धोटा खाली ठेवला. मागावरून उठले, गल्ल्याशी गेले, खणातून चष्मा काढला, लावला. तेव्हा त्या बाईचं तोंड मला दिसलं. वाईट नव्हती बाई. तरुण होती.

"बाई," मी म्हणाले, "ही शाल मी विणली नाय. मला विणता येत नाय. मी कांड्या भरते. माझा मुलगा कमावता हाय, घरी चूल रोज पेटती. नवऱ्यानं मला सोडलं ते खरं हाय. पण ते ह्या शालीबरोबर मिळत नाय."

बाईनं मोबाईल खाली केला. पोरं म्हणत होती, काय झालं, काय झालं. ती सगळी सॉरी सॉरी करत बाहेर गेली. शाल तिथंच राहिली.

वहिनी आतून आल्या. चिडल्या नव्हत्या. दुखावल्या होत्या. तेच अवघड असतं.

"आजी, आम्ही काय खोटं सांगितलं का? तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"व्हय. तुम्हाला सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला नाय."

"घरच्यासारखं वागवलं तुम्हाला."

"घरच्यांचं असं सांगता का वहिनी? अमोलदादाचं पयलं लगीन मोडलं, ते सांगता का शाल विकताना? सांगा की. लई खपतील."

अमोलचं तोंड पांढरं पडलं. वहिनी म्हणाल्या, "तोंड सांभाळा, आजी."

"तेच करत आले. ह्या दुकानात कुणाला बोलले नाय, पुढं बी बोलणार नाय. घरचं माणूस म्हणजे ते असतं."

मी म्हणाले, कांड्या भरीन, झाडीन, मागावर बसणार नाही. वहिनी म्हणाल्या, मग राहू द्या. मी आत जाऊन साडी बदलली, निळीची घडी करून मागावर ठेवली, आणि निघाले.

घरी कळल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, "आई, मला का नाय सांगितलंस?" त्याला काय सांगू. त्याच्या बापानं मला टाकलं ते इंग्रजीत रोज विकलं जात होतं, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते.

ऐकून आणलेल्या बोलण्यावरचा सरांचा निबंध लिहायचा राहिला होता. लिहायला बसले. 'मी टाकलेली बाई' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. तो शब्द मी जन्मात कधी लिहिला नव्हता, नुसता ऐकला होता. लिहिल्यावर त्याच्याकडं बघत बसले. आणि मला दिसलं की ह्या शब्दात मी आहे. टाकणारा कुठंच नाही. गावानं, नळावरच्या बायकांनी, अमोलनं, सरांच्या फळ्यानं, सगळ्यांनी माझं वर्णन केलं. त्याचं एकानंही केलं नाही. तो ट्रंक ठेवून, पाणी पिऊन गेला तो गेलाच. सुटला. शब्दातूनही सुटला.

मी ते वाक्य खोडलं. त्याचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांसकट, आणि पुढं लिहिलं, ह्या माणसानं बायको आणि मूल टाकलं. मग वहिनींचं लिहिलं, त्यांनी काय ऐकलं आणि कुणाला दिलं. मग फळ्यावर काय लिहिलं होतं तेही लिहिलं.

सरांनी वाचलं. म्हणाले, "चांगलं आहे, मावशी. पण थोडं कोरडं झालंय. तुमच्या भावना येऊ द्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"पाणी आलं की शाल खपती, सर," मी म्हणाले.

सर हसले आणि पुढच्याचा निबंध घेतला. मार्क बेताचेच दिले.

निबंध मी बदलला नाही. बदलणार नाही. आता कुणी माझ्याविषयी बोलायला लागलं, मायेनं असो की कसं, की मी आधी विचारणार, हे तू कुणाला ऐकवतोस आणि त्यात तुझं काय आहे. आणि 'टाकलेली' म्हणून कुणी तोंड उघडलं, इंग्रजीत की मराठीत, तर त्याला तिथंच उभं करून त्या माणसाचं नाव घ्यायला लावणार. घेतल्याशिवाय हलू देणार नाही. माझा चष्मा आता माझ्या नाकावर आहे. तो मी कुणाच्या फोटोसाठी काढणार नाही.