निळ्या सवाराचा चौथा भाग

गेनूभाऊ बंगल्याचं फाटक अर्धंच उघडत. उरलेलं अर्धं हाताने धरून ठेवत आणि समोरच्याला विचारत, "सवारानं आता काय करावं?" उत्तर मिळालं की मग पुरतं फाटक उघडे. दूधवाला असो, पोस्टमन असो की तारा तपासायला आलेला वायरमन असो, ही जकात सर्वांना सारखीच होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत धुतलेल्या चादरींची गाठोडी होती.

"कोण सवार?" मी विचारलं.

मळवलीत राहून मी स्टेशन कुठे आहे असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाटक मात्र उघडलं. "वैनी, तुमी नव्या हाय," म्हणाले. "आजच्या दिवस माफ."

माझ्या यजमानांचं स्टेशनजवळ किराणा दुकान होतं. मुंबईकरांचे बंगले वर्षातले बरेच महिने बंद असत. त्यांच्या चादरी, अभ्रे, भांडी, रॉकेल, डब्यांतल्या धान्याला लागणारी कीड, हे सगळं बघायचं काम मी अंगावर घेतलं होतं. त्यातला एक बंगला रमणीकशेठचा. गेनूभाऊ तिथले रखवालदार आणि माळी. उंच, किडकिडीत, डोक्याला मुंडासं, अंगात शेठनी दिलेला जुना कोट. कोटाला बटणं नव्हती. थंडीत ते तो सुतळीने बांधत. डोंगरावरच्या वाडीतून खाली आलेले. वाडीतलं घर धाकट्या भावाकडे गेलं होतं. बंगल्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तीत ते आणि त्यांची बायको हौसाबाई राहत. त्या खोलीखेरीज त्यांना दुसरी जागा नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या खोलीपायी झालं.

रमणीकशेठ मुंबईत सिनेमे काढत. एका हिंदी साप्ताहिकात चित्रकथा येत असे. निळा मुखवटा घातलेला घोडेस्वार, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. शेठनी तिच्यावरून तीन सिनेमे काढले. तळेगावला तंबूतल्या टॉकीजमध्ये आणि लोणावळ्याच्या थेटरात गेनूभाऊंनी तिन्ही पाहिले होते, किती वेळा ते त्यांनाही सांगता येत नसे. तिसऱ्याच्या शेवटी सवार घोड्यासकट कड्यावरून नदीत पडतो. प्रेत दाखवत नाहीत. दिवे लागतात आणि लोक घरी जातात.

एका मे महिन्यात शेठ व्हरांड्यात मित्राशी बोलत बसले होते. "चौथा कशाला? लोक मागतील तर बनवू. नाय तर हा बंगला पण काढून टाकतो. वर्षातून आठ दिवस येतो मी." गेनूभाऊ तेव्हा जाईच्या वेलाला पाणी घालत होते. हौसाबाईंनी मला नंतर सांगितलं, "झारी रिकामी झाली तरी तशीच वाकडी धरून हुबं व्हते." रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बंगला गेला तर चूल कुटं मांडायची?" गेनूभाऊ म्हणाले, "लोकांनी मागायचं, येवढंच की. मागतील."

दुसऱ्या दिवसापासून फाटकावरची जकात सुरू झाली.

लोकांनी हात आखडता घेतला नाही. स्टेशनवरचा पोर्टर म्हणाला, "सवार दर बारीला चालत्या गाडीतनं उडी मारतो. त्याला सांगा, मळवलीला गाडी थांबती." कुसगावच्या आनंदाचं म्हणणं असं, की खलनायकाने ऐन लावणीत ओढा अडवावा, सवाराने तलवार ठेवून द्यावी आणि फावडं घ्यावं. शेजारच्या पाटण गावच्या दोघी जावांना सवाराचं लग्न हवं होतं, पण मुलगी कुठली यावरून त्या फाटकातच भांडल्या. हौसाबाई म्हणत, "तीन पिच्चर झाले, मुखवटा त्योच. धुतो कोन?" आणि वाडीतली साळूमावशी, जिने तिन्ही सिनेमे जमिनीवर मांडी घालून पाहिले होते, ती म्हणाली, "तीन पिच्चरात पोरानं एक घास खाल्ला न्हाई. आदी त्याला जेवू घाला. मारामारी मागनं."

माझी पाळी आली तेव्हा मी व्यवहाराचं बोलले. "घोडा म्हातारा झाला असेल. दुसरा घ्यावा."

"घोडं बदलायचं?" गेनूभाऊ दुखावले. "तुमी दुकानदार मानसं, वैनी. जुनं दिलं, नवं घेतलं."

सवयीने मी या सूचनांची मनात वर्गवारी केली. खाण्यापिण्याच्या, शेतीच्या, लग्नाच्या. मारामारीची एकही निघाली नाही. तसं मी गेनूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "मारामारी शेठला येतीच की. बाकीचं कोन बघनार? पिच्चर त्यांचा, पर मानूस आपला हाय."

"सांगणं वेगळं आणि तिकीट काढणं वेगळं, गेनूभाऊ."

"काढतील की. न काढायला काय झालं?"

शेठ दिवाळीत आले. मी दिवाणखान्यातले पडदे लावत होते. गेनूभाऊ कोट सुतळीने नीट बांधून दारात उभे राहिले आणि सगळं सांगायला लागले. कोणी सांगितलं, कुठल्या गावचा, काय म्हणाला, एकही गाळला नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण गावकीत कोणाच्या घरी कोण जेवायला होतं हे जसं लक्षात राहतं, तसं त्यांच्या लक्षात होतं. पोर्टरच्या गोष्टीला शेठ हसले. साळूमावशीच्या वेळी तर चष्मा काढून डोळे पुसले. आनंदाच्या फावड्यापाशी त्यांचं हसू थांबलं. पाटणच्या जावांपर्यंत येईतो ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"मुंबईत समदे सांगतात, रमणीक, तुझा सवार खलास," ते म्हणाले. "आणि इकडे एवढा लोक वाट बघते?"

"लय वाट बघत्यात, शेठ," गेनूभाऊ म्हणाले. "समदा मावळ वाट बघतो."

शेठ खुर्चीतून उठले. मग त्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. दिवाळीचे दोन दिवस उरले होते, तरी ते मुंबईला परत गेले. त्या संध्याकाळी हौसाबाईंनी गोडाचा शिरा केला. मलाही वाटीभर दिला. खोली राहिली, असं त्या दोघांना वाटत होतं. मलाही तसंच वाटलं.

चौथा भाग निघायला वर्षाहून जास्त काळ लागला. लोणावळ्याच्या थेटरात लागला तेव्हा गेनूभाऊंनी वाडी खाली आणली. म्हातारे, बायका, कडेवरची मुलं, काही चालत, काही ट्रकमधून. पोर्टर आला, आनंदा आला, दोघी जावा आल्या. सगळ्यांनी आपापली तिकिटं काढली. पुढची बाकं भरली. मी आणि यजमान त्यांच्या मागे बसलो. आमच्या मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिकिटं फाडणाराही दार लोटून आत येऊन बसला.

सिनेमा मला वाईट वाटला नाही, चांगलाही वाटला नाही. सवार नदीतून वर आला. मारामाऱ्या झाल्या. गाडी, ओढा, लग्न यांतलं काही आलं नाही. मध्यंतरानंतर मात्र एका झोपडीत एका म्हातारीने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. त्याने मुखवटा ओठांपुरता वर केला आणि घास घेतला. शेठनी एवढं एक घेतलं होतं. साळूमावशी बाकावरून उठली आणि मोठ्याने म्हणाली, "सावकाश खा रं बाबा. पानी पी." पुढची सगळी बाकं तिच्याकडे बघून हसली, खुशीने. मी गेनूभाऊंकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. मान वळवून मागच्या खुर्च्या बघत होते.

पुढच्या आठवड्यात तिथे दुसरा सिनेमा लागला. मुंबईतही तेच झालं, असं शेठचा ड्रायव्हर दुकानात सांगून गेला. त्यानंतर त्यालाही कामावरून काढल्याचं कळलं. उन्हाळ्यात बंगला विकला गेला.

नवे मालक पुण्याचे डॉक्टर. खोल्या बघताना त्यांनी मला विचारलं, "रखवालीला कोणी आहे का?" मी गेनूभाऊंचं नाव सांगितलं. "मग राहू दे तोच," डॉक्टर म्हणाले आणि नळाची तोटी फिरवून पाहू लागले. खोलीचा प्रश्न असा सुटला. शेठनी सिनेमा काढला नसता आणि बंगला विकला असता, तरी तो असाच सुटला असता. बंगल्याला रखवालदार लागतोच. हे मला तेव्हाच दिसलं. गेनूभाऊंनाही दिसलं असणार. 

फाटक आता सरळ उघडू लागलं. दूधवाल्याने एकदोनदा स्वतःहून काही सुचवून पाहिलं. गेनूभाऊंनी चरवी आत नेली आणि रिकामी आणून दिली. काम चोख होतं. झाडं छाटलेली, कौलं शाकारलेली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत. हौसाबाई म्हणत, "जेवत्यात, झोपत्यात. बाकी काय न्हाई." हे कित्येक महिने चाललं.

मग एका दुपारी शेठ आले. गाडी नव्हती; लोणावळ्याला उतरून लोकलने मळवलीला आले होते. हातात कापडी पिशवी. डॉक्टर पुण्याला होते. मी मागच्या पडवीत डॉक्टरांच्या चादरी मोजत होते. गेनूभाऊंनी शेठना बंगल्यात न नेता सरळ आपल्या खोलीत नेलं, बाजेवर घोंगडी अंथरली आणि बसवलं. हौसाबाईंनी चहा ठेवला. दार उघडं होतं, मला दोघं दिसत होते.

शेठनी खोलीभर नजर फिरवली. इतक्या वर्षांत ते तिथे पहिल्यांदाच येत होते, असं वाटलं. चहा अर्धा संपवून त्यांनी विचारलं, "गेनू, एक सांग. तू मला फसवलं काय?"

"न्हाई, शेठ."

"तू बोलला, समदा मावळ वाट बघते. खोटं बोलला?"

"न्हाई. म्या येकाएकाला इचारलं व्हतं."

"मग लोक आला का नाय?"

गेनूभाऊ दाराशी उकिडवे बसले होते. कोटाची सुतळी सुटली होती, ती त्यांनी बांधली नाही. म्हणाले, "आली व्हती की, शेठ. समदी आली व्हती. म्या सोता मोजून नेली. आमी येवढीच हाय."

 शेठनी हळूहळू मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. उरलेला चहा प्यायले. परतीची लोकल कधी आहे ते विचारलं. गेनूभाऊंनी सांगितलं आणि पिशवी उचलली. शेठ ती परत घ्यायला लागले तर गेनूभाऊंनी दिली नाही. दोघं भाताच्या खाचरांच्या बांधावरून स्टेशनकडे गेले, शेठ पुढे, गेनूभाऊ मागे. 

मी मोजता मोजता थांबले होते. चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. बरोबर भरल्या.