पाच घरांची धाकटी

वनमाला परब टीव्हीसमोर बसली की घरच्यांची पंचाईत व्हायची. बाकीचं जग नटाचं तोंड बघतं, ही बाई नटाच्या हातातलं पिस्तूल बघणार. बरं, पिस्तूल म्हटलेलंही तिला खपत नाही. "रिव्हॉल्वर म्हण रे! चक्री फिरते ना, मग ती रिव्हॉल्वर. एवढी वर्षं माझ्या घरात राहतोस, अजून कळत नाही?" हे ती सख्ख्या दिराला सुनावते, तेही पाहुण्यांदेखत.

दहिसरच्या तिच्या खोलीत भिंतीला जाम बसवलेलं एक लोखंडी कपाट आहे. लायसन्स, वर्षातून दोनदा पोलिसांची तपासणी, सगळं रीतसर. त्यात सिनेमावाल्यांना लागणारी हत्यारं. नळीत अडसर बसवलेली, म्हणजे खरी गोळी जाऊच नये, फक्त आवाजाच्या गोळीचा धूर निघावा. त्यातली सगळ्यात लहान ती धाकटी. आखूड नळी, बायकांच्या मुठीतसुद्धा मावेल एवढी, आणि चक्रीला गोळ्यांची घरं पाच. मोठ्या रिव्हॉल्वरला सहा असतात, हिला पाचच.

पण धाकटीने पडदा किती गाजवला म्हणून सांगू! साध्या वेशातल्या इन्स्पेक्टरच्या पायमोज्यात ही, पुढाऱ्याच्या टेबलाच्या खणात ही, मालिकेतल्या सासूच्या पर्समध्येही हीच. हिरो म्हातारे होऊन बापाच्या भूमिका करायला लागले, हिची मूठ तेवढी गुळगुळीत झाली. आणि लिहिणारे एकेक दिवटे! पाच घरांच्या रिव्हॉल्वरमधून हिरो सात-सात गोळ्या झाडतो. वनमाला मोठ्याने मोजत बसते आणि सहावी सुटली की टीव्हीला शिव्या घालते.

धंदा मूळचा तिच्या नवऱ्याचा, नंदू परबचा. एकदा सेटवर त्याचा डावा डोळा गेला, तेव्हापासून पेटी वनमालाच्या हातात आली. आणि पेटीबरोबर आला तिचा नियम. हत्यार हातात घेण्याआधी उघड्या चक्रीच्या प्रत्येक घरावर नटाने स्वतःची करंगळी टेकवायची आणि मोठ्याने मोजायचं. घर भरलेलं असेल तर गोळीचं थंडगार बूड लागतं, रिकामं असेल तर खळगा लागतो. डोळा फसतो, करंगळी फसत नाही. लोक हसायचे. 'करंगळीवाली मावशी' असं नावच पडलं तिचं. पडू दे मेलं, म्हणायची.

हल्ली मात्र लोकांचं हे हसणं तिला परवडेनासं झालं होतं. सगळीकडे प्लास्टिकच्या बंदुका आल्या, ठिणगी कॉम्प्युटरवर काढतात. धाकटीला मागणारा एकच उरला होता, चैतन्य नावाचा दिग्दर्शक. त्याची वेब सीरिज घाटकोपरच्या एका बंद गोदामात चालली होती. त्याला पोलादाचं वजन हवं होतं, खरी चमक हवी होती. तो गेला असता तर कपाटाला कुलूप, आणि वनमालाने घरी बसून भाजी निवडायची.

त्या दिवशी सकाळी लांबून गोळीबाराचे शॉट झाले. दुपारी मोठा सीन होता. देवेश, म्हणजे हिरो, धाकटी तेजलच्या कानशिलाला लावणार होता. तेजल नवीन पोरगी, मुलुंडची, पहिलंच मोठं काम. खुर्चीला हात बांधून बसली होती बिचारी. गोळी सुटायची नव्हती, नुसता चाप ओढायचा, आवाज मागाहून. वनमालाने धाकटी रिकामी केली, तपासली आणि चक्री उघडी ठेवून देवेशपुढे धरली.

देवेश मोबाईलमध्ये बघत होता. त्याने करंगळी चक्रीवर भर्रकन फिरवली. "एक दोन तीन चार पाच सहा. सगळी रिकामी. चलो मावशी, द्या."

वनमालाने हात मागे घेतला.

"सहावं घर दाखव मला."

"काय?"

"हिला पाच घरं आहेत, राजा. सहावं कुठून मोजलंस? तू बघितलंच नाहीस. पुन्हा मोज."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. देवेशचे कान लाल झाले. "चैतन्य, हे काय नाटक आहे यार? शाळेत आलोय का मी?"

चैतन्य खुर्चीवरून उठला. "मावशी, खिडकीतला लाइट जातोय माझा. रिकामी तुम्हीच केलीत ना?"

"मीच केली."

"तपासलीत?"

"दोनदा."

"मग झालं तर! द्या त्याला."

"मी केली म्हणूनच त्याने बघायची," वनमाला म्हणाली. आवाज चढला तिचा, चढणारच. "आमच्या ह्यांनीही स्वतःच रिकामी केली होती. तीस वर्षांचा हात होता त्यांचा! चार काढल्या, पाचवी राहिली. हिरोला दाखवायला स्वतःच्या तोंडाजवळ धरली, 'रिकामी आहे' म्हणाले आणि चाप ओढला. आवाजाचीच गोळी ती, पण जाळ डोळ्यात गेला. डोळा कोणाचा गेला, त्यांचाच ना? माझा हात काय देवाने वेगळा घडवलाय?"



"उद्यापासून दुसरा सप्लायर बघतो मी," चैतन्य दात आवळून म्हणाला. "प्लास्टिकची वापरेन, पण ही कटकट नको."

 खोटं कशाला बोला? कपाट डोळ्यांपुढे आलं तिच्या, घरी बसलेला नंदू आला. पण बाई कोकणातली, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. तिने धाकटी पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि पेटीवरच बसली.

"उद्याचं उद्या बघ. आज मोजल्याशिवाय ही बाहेर येणार नाही. पोलिसांना बोलव नाहीतर तुझ्या निर्मात्याला."

"मावशी, प्लीज हं—" देवेश सुरू झाला.

"माझे हात सोडा," खुर्चीतून तेजल म्हणाली.

सगळे वळले. पोरगी थांबली नाही. "सर, मलाही काढा हवं तर. हा पाच म्हणेपर्यंत मी ह्या खुर्चीत बसणार नाही."

चैतन्यने एकदा वनमालाकडे बघितलं, एकदा तेजलकडे. मग मान खाली घालून देवेशला म्हणाला, "मोज रे."

वनमाला उठली. चक्री उघडून पुन्हा पुढे धरली. देवेशने मोबाईल खिशात टाकला आणि पहिल्या घरावर करंगळी टेकवली. "एक. रिकामं," तो वनमालाकडे बघत पुटपुटला.

"मला काय सांगतोस? डोकं माझं आहे का तिथे? तिच्याकडे बघून सांग."

देवेश तेजलकडे वळला. तिच्या डोळ्यांत बघत त्याने करंगळी पहिल्या घरावर परत टेकवली. मग पुन्हा एकपासून सुरुवात केली.