रट्टे सर

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सरांना मुलं रट्टे सर म्हणत. हे नाव इतकं रुळलं होतं, की नवे पालक कार्यालयाच्या खिडकीशी येऊन सरळ विचारायचे, "रट्टे सर भेटतील का?" आणि शाळेचा कारकून असलेला मीही मान वर न करता सांगायचो, "वरचा मजला, शेवटचा वर्ग." गंमत अशी, की हे नाव घेणाऱ्या मुलांपैकी एकानेही सरांचा रट्टा खाल्लेला नव्हता. सरांनी हात उचलणं केव्हाच सोडलं होतं. नाव मात्र थोरल्या भावाच्या दप्तरासारखं धाकट्याकडे येत राहिलं.

वर्गात ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. लिहायचं असलं की उजवा हात पुढे यायचा, लिहून झालं की पुन्हा मागे जायचा. त्यांच्या तासाला गोंगाट असायचा. शेजारच्या वर्गातल्या बाई मुद्दाम आवाज करून दार लावून घेत. खेळाचे सर, ज्यांना आम्ही शिट्टी म्हणायचो, चहा पिता पिता टोमणा मारत, "सर, तुमच्या वर्गात गणित चालतं की बाजार भरतो?"

"दोन्हीकडे हिशोबच असतो," सर म्हणत आणि कप विसळून ठेवत.

आमची दोघांची घरं एकाच जिन्यावर. त्यामुळे हात बांधण्याचं कारण मला कळलं ते वहिनींकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून. सर ऐन उमेदीत असताना अपूर्णांकांच्या तासाला एक मुलगा मागे वळून हसला. सरांनी जवळ जाऊन एकच लगावली. मुलगा बाकावरून खाली पडला. वर्ग हसला, उठून तोही हसला. संध्याकाळी त्याच्या डाव्या कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता, आणि तो कान पुढे कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील शाळेत आले. जे काही ऐकावं लागेल त्याची तयारी ठेवून सर उभे राहिले. वडील म्हणाले, "सर, कार्ट्याने तुम्हाला फार त्रास दिला. डॉक्टरांना मी सांगितलंय, खेळताना लागलं म्हणून. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"त्या माणसाने चार शिव्या घातल्या असत्या ना भावोजी," वहिनी मला म्हणाल्या, "तर हे त्या दिवशी दोन घास जेवले तरी असते."

सर निवृत्तीला आले तेव्हा शाळेत प्रयोगशाळेच्या काचा फुटल्या, पाठोपाठ मैदानावर मोठी मारामारी झाली. शिस्तीची नवी नियमावली करायला समिती नेमायचं ठरलं. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, अध्यक्ष झाल्या. शिक्षकांतर्फे शिट्टी आणि पालकांतर्फे एकजण, असं ठरलं. इतिवृत्त लिहायला मी होतोच. सर कधी कुठल्या समितीच्या वाटेला जात नसत. या वेळी ते आपण होऊन मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "मला घ्या. माझं एकच वाक्य आहे."

पालकांतर्फे आला तो मुख्य रस्त्यावरचा फरशीवाला. मोठं दुकान, मोठा आवाज, तोंडभर हसू. समोरचा बोलायला लागला की हा मान वळवून उजवा कान पुढे करायचा. सरांनी त्याला ओळखलं, तसे त्यांचे हात टेबलाखाली गेले.

सरांनी वाक्य वाचलं: कोणत्याही कारणासाठी विद्यार्थ्याच्या अंगाला हात लावला जाणार नाही.

"हे तुम्ही म्हणताय, सर?" फरशीवाला हसत सुटला. "बाई, या माणसाने मला माणूस बनवलं. असली एक ठेवून दिली होती, की आयुष्यभराचे अपूर्णांक पाठ झाले. हा कान गेला, पण दुकान उभं राहिलं."

"कायद्यातच बसत नाही ते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आम्ही लेखी संमती देतो की. माझं कार्टं इथेच आहे, सातवीत. तुम्हाला पूर्ण मुभा."

"मुभा मला नकोय," सर म्हणाले.

"सर, तुम्ही म्हातारे झालात."

"झालो. म्हणून तर आज सांगतोय. मला तेव्हा कुणी अडवायला हवं होतं."

शिट्टीने पेनचं टोपण उघडलं, लावलं. मोठ्या बाईंनी सरांचं वाक्य मंजूर म्हणून लिहायला सांगितलं. सरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"बरं, शाळेत नको," फरशीवाला म्हणाला. "मग एवढं तरी घाला. पोराने काही केलं की त्याच दिवशी घरी फोन करायचा. पुढचं आम्ही बघू."

मोठ्या बाईंना ते रास्त वाटलं. शिट्टीला वाटलं. खरं तर कुठल्याही शाळेला वाटलं असतं. सर फक्त एवढंच म्हणाले, "पुढचं म्हणजे काय, ते एकदा विचारा." पण चहा आला होता आणि खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. नियम लिहिला गेला.

बाहेर व्हरांड्यात सरांनी त्याला गाठलं. त्याच्या डावीकडून वळसा घालून ते उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. "तुझा कान मी घालवला," ते म्हणाले. "तुझी माफी मागायची राहिली होती."

फरशीवाल्याला काय करावं सुचेना. एवढा मोठा माणूस, पण शाळकरी पोरासारखा लाजला. त्याने सरांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "असं बोलून मला लाजवू नका, सर. हाच हात होता. याच हाताने मी घडलो. माझ्या पोराला मी रोज तुमचं उदाहरण देतो."

सर हात सोडवून घ्यायला बघत होते. तो सोडत नव्हता.

"त्याला मारू नकोस," सर म्हणाले.

"ऐकतच नाही हो तो. मी तरी काय करू?"

त्यानंतर त्या मुलाने सरांच्या तासाला काहीही केलं तरी सरांनी तक्रार केली नाही. खडू फेकले, बाकावर चढला, सरांच्या चालण्याची नक्कल केली. सर नुसते म्हणत, "झालं का तुझं? बस आता." पण मैदान शिट्टीचं होतं. तिथे त्याने एकाला ढकललं, आणि नियमाप्रमाणे कार्यालयातून दुकानात फोन गेला.

त्यानंतर दोन-तीन दिवस मुलगा आला नाही. आला तेव्हा डाव्या कानात कापूस होता. उजव्या हाताची थप्पड डाव्या कानावरच बसते.

मधल्या सुट्टीत सर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. ते दुकानात जाऊन आले होते.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"रडत होता. म्हणाला, सर, जोरात नव्हती मारली. तुमच्याएवढीसुद्धा नाही." त्यांनी टेबलावरची टाचणीची डबी सरळ करून ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, पडदा कदाचित भरून येईल. कदाचित."

त्यांना निवृत्त व्हायला जेमतेम एक सहामाही उरली होती. सरांनी त्या मुलाला सगळ्यात डावीकडच्या रांगेत बसवलं, म्हणजे सगळा वर्ग त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला आला. स्वतः ते फळ्याच्या उजव्या कडेला उभे राहून शिकवू लागले. मुलगा आता गप्प असायचा. त्याच्यामुळे की काय, वर्गही पुष्कळ शांत झाला होता. शेजारच्या बाई दार उघडं ठेवत. शिट्टी कौतुकाने म्हणाले, "सर, नियमावली लागू पडली बरं का तुमच्या वर्गाला."

सरांनी चहाचा कप विसळून ठेवला.

मी काही कामासाठी वर गेलो की दारातून दिसायचं. फळ्याचा डावा अर्धा भाग कोरा, उजवा उदाहरणांनी गच्च भरलेला, आणि त्याच्या कडेला सर, पाठीमागे हात बांधून, कुणाला तरी ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने बोलत असलेले.