नदीपात्रातील पिके : निरंक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी आधीच सांगून टाकते. आता निवृत्त होऊन राजापेठेत राहते. पाटबंधारे खात्यातलं कुणी बाजारात भेटलं की म्हणतं, "मॅडम, तुमची ती टिपणी अजून नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवतात." मी हसते. ते हसू मला जमतं, याचीच लाज वाटते.

टिपणी आमच्या धरणातल्या पाण्याबद्दल होती. खालच्या बंधाऱ्यातून गावाला प्यायला मिळावं म्हणून उन्हाळ्यात नदीत थोडं थोडं पाणी सोडायचे. त्यातलं बरंचसं वाळूच पिऊन टाकायची. मी मांडलं — चैत्रात एकदाच, जोरात सोडा. बंधारा भरेल, आणि वाचलेल्या पाण्यात संत्र्याच्या बगीच्यांना कालव्याची एक पाळी जादा मिळेल. फायदा-तोटा समोरासमोर लिहिला. कल्पना माझी होती, आणि चांगली होती.

मग त्यात लपवण्यासारखं काय?

तोट्याच्या बाजूला एक रकाना होता — नदीपात्रातील पिके. लिहायला काही नसलं की आमच्या कचेरीत 'निरंक' लिहितात. रकाना कोरा राहिला तर फाइल परत येते, निरंक लिहिलं की पुढे सरकते. वाळूला सातबारा नसतो, म्हणून तिथलं पीक कागदावर नसतंच. पण मी तर ते पाहिलं होतं ना? पाहिलं कसलं — खाल्लं होतं! शेवंताबाई दरवर्षी पात्रातल्या वाळूत टरबूज-डांगराची वाडी लावायची; डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. मी पाहणीला गेले की एक फळ माझ्यासाठी फोडायचीच.

त्या वर्षी पौषात, वेल लावायच्या आधी, तिने मला पुलाजवळ गाठलं.

"मॅडम, औंदा पान्याचं काही बदलून राह्यलं का? तसं असन त सांगून द्या. मी वाडी नाई लावत, रोजानं जाईन लोकायच्या वावरात."

प्रस्ताव माझ्या पिशवीतच होता. सांगितलं असतं तर ती चार माणसं घेऊन कचेरीत आली असती, पात्राची पाहणी निघाली असती, सगळं पुढच्या वर्षावर गेलं असतं. आणि मला ते त्याच वर्षी हवं होतं — माझ्या सहीने. कुणी दडपण आणलं म्हणावं, तर तेही नाही. साहेबांना शेवंताबाई ठाऊकसुद्धा नव्हती.

"दरसालसारखंच हाय," मी म्हटलं. "लावा तुमी." तिच्याच बोलीत म्हटलं, म्हणजे तिचा विश्वास बसावा. त्याच दुपारी रकान्यात निरंक लिहिलं.

चैत्रात दरवाजे उघडले. आदल्या दिवशी गावात भोंगा फिरला — माणसं, गुरं पात्रातून बाहेर काढा. वेल कुठे काढणार? पिकलेली फळं तिने तोडली, बाकीची हाताशी आलेली तशीच राहिली. मी पुलावर मोजमापाला उभी होते. टरबुजं वेलासकट वाहत गेली. बंधारा मात्र भरला, अगदी मी लिहिल्याप्रमाणे.

खरं लिहिलं असतं तरी निर्णय बहुधा तोच झाला असता. गावाला पाणी मिळालं, बगीचे जगले — ती बाजू जडच होती. पण मग तिने माघ-फाल्गुनभर वाळूत झिरे खोदून, घागरी वाहून त्या वेलांना पाणी घातलं नसतं. मापात पाप म्हणतात, ते मी केलं.

दोन दिवसांनी ती कचेरीत आली. वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं.

"तुमालेबी सांगतलं नसन त्या मोठ्या लोकायनं," ती म्हणाली. "नाईतर तुमी मले सांगतलं असतं."

मी काय केलं असेल?

मान हलवली. "नाई ना सांगतलं," म्हटलं — आणि रडले. रडू खरं होतं, बाकी सगळं खोटं. तिने पदराने माझे डोळे पुसले.

"जाऊ द्या, मॅडम. तुमी काऊन रडता?" म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणून माझ्या हातात दिलं.

मी ते प्यायले.