बिनआवाजाची गाडी

बीटी कापूस आला तेव्हा चिखलीच्या बियाण्याच्या दुकानदारानं मला सांगितलं होतं, आता फवारणीची कटकटच संपली. पुढं गुलाबी बोंडअळीनं ती कटकट दुप्पट करून परत दिली. तरीही बॅटरीवरची मोटारसायकल विकणारा "पेट्रोलची कटकटच संपली" म्हणाला, तेव्हा मी मान डोलावली. दुसऱ्यांदाही फसलो की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारण गाडी खोटी नव्हती. वावरात जा-ये करा, मोताळ्याचा बाजार करा, खर्च नावाला. पण लाइन गेली की ती गोठ्यात मुकाट उभी, आणि चिखलीला निघालो की रस्ता कमी, बॅटरीचा आकडाच जास्त बघायचो.

जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटका होता. ती नाल्याच्या वळणावर आली की घरात बायकोला कळायचं आणि ती चुलीवर तवा टाकायची. मी हातपाय धुईपर्यंत पहिली भाकर ताटात. कित्येक वर्षं असं चाललं. मला वाटायचं, ती कान देते ते भाकरीसाठी.

नवी गाडी घेतली त्या वर्षी बोंड फोडलं की आत अळी. मी घरात बोलेनासा झालो होतो म्हणे. मला तसं काही जाणवलं नव्हतं.

नवी गाडी आल्यावर चार दिवस आम्ही दोघं बरोबरच वावरात गेलो-आलो. पाचव्या दिवशी बायको घरी थांबली. संध्याकाळी परतताना मी पारावर गाडी दाखवत बसलो. ज्याला त्याला चक्कर मारायला दिली. घरी आलो तर दाराला कडी, चूल थंड.

शेजारच्या काकू ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "ते त पायवाटेनं वावरात गेली. म्हने, गाडीचा आवाजच नाही आला."

गाडी वळवली. चकरा मारून दमलेली ती अर्ध्या रस्त्यातच बंद पडली. तिथून पळत गेलो. बायको आमच्या विहिरीच्या काठावर ओणवी होऊन आत बघत होती.

"काऊन आली इकडे?"

ती दचकून वळली. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "पानी किती हाय, पाह्याले आली."

पाणी पाहायला कुणी अनवाणी येत नाही.

दोघांनी गाडी ढकलत आणली. नाल्याच्या वळणावर ती म्हणाली, "गाडीले हारन हाय ना?"

"हाव."

"मंग वाजवत जा."

माझ्या मनात तसलं काही नव्हतं, हे तिला सांगायचं होतं. पण त्यासाठी आधी 'तसलं' म्हणजे काय ते बोलावं लागलं असतं. आणि खरंच नव्हतं का? त्याच सकाळी मी त्या विहिरीपाशी बराच वेळ उभा होतो, मोटर चालू करायची विसरून. काय बघत होतो, आठवत नाही. मला स्वतःचीच भीती वाटली.

तेव्हापासून वळणावर हॉर्न वाजवतो. परवा ती माझ्या मागेच बसली होती, तरी बोट हॉर्नवर गेलं.

"आता कोनाले?" तिनं विचारलं.

मी परत एकदा वाजवला, मलाच ऐकू यावा म्हणून.